वाटीपुढची रेघ

शिंप्याने उकडलेले हरभरे वाटीत घातले, डावाच्या पाठीने दाबले, आणि दाबल्यामुळे जी जागा मोकळी झाली तीही भरून काढली. मग ती वाटी त्याने लेकापुढे ठेवली.

"बाबा, हा डोंगर कशाला?"

"डोंगर चढायचंच वय आहे तुझं. खा."

लेक लिफ्टदुरुस्तीचे काम करीत असे आणि सायंकाळी व्यायामशाळेत घाम गाळीत असे. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत एकदा तरी मंचावर उभे राहावे, ही त्याची मनीषा. आणि स्पर्धा आता तोंडावर आली होती. व्यायामशाळेच्या मास्तरांनी दिलेला आहाराचा तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवलेला होता. अंडी, दूध, डब्यातली पावडर, प्रत्येकापुढे त्यातील प्रथिनांचा आकडा होता. हरभऱ्यांपुढे मात्र नुसती आडवी रेघ. वनस्पतीतले प्रथिन अपुरे, ते खावे पण हिशेबात धरू नये, असे मास्तरांचे मत होते.

ती रेघ शिंप्याच्या जिव्हारी लागली होती. पत्नी गेल्यापासून स्वयंपाकघर त्याच्याकडे आले होते, आणि पुष्कळ पातेली करपवल्यानंतर हा एकच पदार्थ त्याला साधला होता. आपली वाटी लहान म्हणून मोजणीत येत नसावी, अशी त्याने स्वतःची समजूत घातली, आणि तो दररोज थोडे अधिक वाढू लागला.

लेकाला नाही म्हणवेना. ठरलेला आकडा तो अंडी-पावडरीवर पुरा करी आणि वर हा डोंगरही पोखरी. परिणाम कमरेवर उमटला. एके दिवशी शिंप्याने त्याची पँट उसवून सैल करून दिली आणि प्रसन्न मुद्रेने म्हणाला,

"अंग धरतोयस हो. हरभऱ्याची करामत!"

त्याच सायंकाळी व्यायामशाळेच्या आरशासमोर मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"अरे, पोटाचे स्नायू दिसायला हवेत, आणि तू ढेरी घेऊन आलास? लोक विचारतील, कितवा महिना? असंच राहिलं तर तुझं नाव देणार नाही मी."

"घरी बाबांच्या हातचे हरभरे होतात थोडे."

"थोडे म्हणजे?"

त्याने ओंजळ करून दाखवली. मग प्रामाणिकपणे ती जराशी रुंद केली.

"बंद कर."

"ते नाही जमणार, मास्तर. दुसरं काहीही सांगा."

"बाबांना सांगायची छाती नाही? मग एवढी फुगवलीस ती काय शर्टाची बटणं तोडायला?"

पुसून झालेले डंबेल लेकाने पुन्हा एकदा पुसायला घेतले. मास्तरांनी त्याच्या हातातला फडका काढून घेतला.

"बरं, धर हिशेबात. जोडीला धान्य असलं की उणीव भरून निघते. आकडा जरा हात राखून लिही, आणि तेवढी पावडर बंद. दोन्हीकडून खाशील तर लिफ्टमध्येसुद्धा मावणार नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्त्यावरची रेघ खोडून तिथे आकडा लिहिलेला होता. शिंप्याने चष्मा नाकावर ओढला. कापडावरची खडूची खूण पुसते की काय हे पाहावे, तसा त्याने त्या आकड्यावरून अंगठा फिरवला.

"मास्तरांनी सांगितलं?"

"हो."

शिंप्याने पाठ वळवली आणि स्वच्छच असलेला डाव पुन्हा धुतला. मग वाटी आणून ठेवली. ती अर्धीच होती.

"हे काय, एवढेच?"

"आता धरलंय ना? मग पुरे. शेवटचे घास पाण्याबरोबर उतरवायचास, दिसत नव्हतं का मला? आणि तुझी पँट तरी किती उसवू? शिवणीत कापडच उरलेलं नाही."

लेकाने मान खाली घालून अर्धी वाटी संपवली. पावडरीचा डबा त्याने पहाटेच माळ्यावर टाकला होता. तक्त्यावरचा आकडा पूर्ण वाटीचा होता. त्याने रिकामी वाटी पुढे सरकवली.

"बाबा, आणखी वाढा."

"उगाच माझं मन राखू नकोस."

"मन कसलं राखतोय? आकडा कमी पडतोय."

शिंप्याने एकवार तक्त्याकडे पाहिले आणि डाव उचलला. या खेपेस त्याने हरभरे दाबले नाहीत. वाटी काठोकाठ भरली, वर राहिलेला एक दाणा त्याने बोटाने अलगद उचलला, आणि स्वतःच्या तोंडात टाकला.