जसे होते तसे

बारा वाजता ग्राहक लेबल छापायचं यंत्र बघायला येणार होता. साडेअकरा वाजले तरी यंत्राचा कीबोर्ड जोडताक्षणी मरत होता. प्रोग्राम दिराने लिहिलेला, तपासणी वहिनीकडे. ऑर्डर मिळाली तरच दिराची नोकरी कायम होणार होती.

"भावजी, यूएसबी पोर्टच्या रजिस्टरमध्ये लिहिता तरी काय?" वहिनीने विचारलं. रजिस्टर म्हणजे चिपमधली शून्य-एकांची ओळ, त्यातला एकेक आकडा म्हणजे एक बिट.

"काही नाही हो. आहेत ते सगळे बिट वाचतो, मला हवा तो एक बदलतो आणि बाकीचे जसे होते तसे परत लिहितो. उगाच कुणाच्या वस्तूला हात कशाला लावा?"

वहिनीने चिपचं माहितीपुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. "हा बिट बघा. पोर्ट चालू असला की तो एक दिसतो. पण आपण तिथे एक लिहिला, की पोर्ट बंद होतो."

"म्हणजे चालू आहे त्याला चालू म्हटलं की बंद? हे कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं?"

"ते त्यांना विचारा. तुम्ही तिथे शून्य लिहा. शून्य म्हणजे जैसे थे."

दिराने शून्य लिहिला आणि कीबोर्ड जिवंत झाला.

ग्राहकाने दोन बोटांनी स्वतःचं नाव टाइप केलं, छापून आलेलं लेबल कौतुकाने खिशात घातलं आणि ऑर्डरवर सही केली.

तो गेल्यावर वहिनीने तपासणी अहवाल भरला. 'चूक कुणाची' हा रकाना मात्र तिने कोराच सोडला. दिराने हात जोडले.

"वहिनी, तुमचे उपकार..."

"उपकार कसले? तो रकाना ज्याचा त्याने स्वहस्ते भरायचा असतो. हे घ्या पेन."