हे मोकळं करून ठेवा

किल्लीवाल्याच्या हातांना एक खोड होती. अडकलेली वस्तू दिसली की ती हलेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. कुलूप असो, शिवणयंत्र असो, नाहीतर कुणाच्या छत्रीचा चाप असो. या खोडीवर त्याचं चाळीस वर्षं पोट भरलं होतं, आणि त्या दिवशी सकाळी साडेदहाला त्याच खोडीनं त्याला खड्ड्यात घातलं.

नऊला वहिनी दुकानात आली होती. थोरला भाऊ जाऊन दोन महिने झाले होते आणि तेव्हापासून ती एका कचेरीतून दुसरीत नुसती फिरत होती. तिनं कापडी पिशवीतून एक लाकडी पेटी काढली आणि कानशी, पकडी बाजूला सारून त्याच्या समोर ठेवली.

"भावोजी, हे अडकलंय. जरा मोकळं करून ठेवा. बाराला शस्त्र कचेरीत बोलावलंय. तोवर मी मृत्यूच्या दाखल्याची नक्कल घेऊन येते."

"आहे काय यात?"

"मामंजींचं पिस्तूल. तुमच्या दादांनी कपाटात जपून ठेवलेलं. मला बाई घरात नको ते. सरकारजमा करते आणि सुटते."

ती गेलीसुद्धा. चहा घ्या म्हणायलाही तिनं सवड दिली नाही.

पेटीची कडी गंजली होती. एक टिचकी, दोन थेंब तेल, कडी उघडली. किल्लीवाला स्वतःशीच हसला. एवढ्याशा कडीसाठी वहिनी अर्धं गाव ओलांडून कशाला येईल? 'हे अडकलंय' म्हणाली, म्हणजे पिस्तूलच. त्याचे वडील सरहद्दीवर पहाऱ्याला असत. निवृत्त होताना हे लष्करी मापाचं पिस्तूल खास परवानगीनं त्यांना मिळालं होतं. लहानपणी दोघा भावांना ते लांबूनच बघायला मिळे. आज हातात घेतलं तर एकही भाग हलेना. आत कसलासा पोलादी तुकडा बसला होता. गोळी नाही याची त्यानं तीनदा खात्री केली आणि मग मान खाली घातली ती वर केलीच नाही. बापाची वस्तू सरकारात जमा व्हायची, तर ती अशी मेल्यासारखी का जावी? किल्लीवाल्याच्या घरची वस्तू आहे, बघणाऱ्यानं म्हटलं पाहिजे, वा!

साडेदहाला 'खट्' असा स्वच्छ आवाज झाला. इतका गोड आवाज, की त्यानं पुन्हा एकदा करून ऐकला.

मग पेटी पुसायला घेतली. आतलं जुनं बनातीचं कापड सुटून वर आलं आणि त्याखाली चार घड्यांचा कागद निघाला. वर दादाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पिस्तुलाबरोबरच ठेवणे.' किल्लीवाल्यानं चष्मा वर ढकलला आणि वाचलं. वडिलांच्या मृत्यूनंतर सदर प्रतिबंधित शस्त्र वारसाकडे केवळ आठवण म्हणून राहावे, या अटीवर ते कायमचे निकामी करण्यात आले आहे. आत क्रमांक ४१७९ ची खुंटी बसवली आहे. खुंटी काढल्यास शस्त्र चालू समजले जाईल.

त्यानं समोरच्या पत्र्याच्या ताटलीत पाहिलं. खुंटीचा कीस झाला होता, औषधालाही तुकडा उरला नव्हता.

पिस्तूल फडक्याखाली झाकून, दुकानाला कडी घालून तो शेजारच्या अर्जनवीसाकडे गेला. हा माणूस जिन्याखाली टंकयंत्र मांडून बसे. वहिनीचा अर्जही त्यानंच लिहिला होता.

"एक विचारायचं होतं," किल्लीवाला म्हणाला. "माझं नव्हे. एका ओळखीच्याचं."

"ओळखीच्याचे हात फार तेलकट आहेत," अर्जनवीस टंकयंत्रावरून नजर न काढता म्हणाला. "बोला."

"समजा, बापाचं हत्यार आहे. मुलगा वारस. मग ते त्याचंच की नाही?"

"त्याचं. पण बाळगायचा हक्क त्याचा नाही. लायसन्स माणसाबरोबर जातं, हत्यार मागे राहतं. नव्वद दिवसांत नवं लायसन्स काढा, नाहीतर जमा करा. साध्या बंदुकीचं असं. लष्करी मापाचं असेल तर नवं लायसन्स मिळतच नाही. निकामी करून घ्या, नाहीतर द्या सोडून."

"आणि निकामी केलेलं कुणी चुकून चालू केलं तर?"

आता अर्जनवीसानं मान वर केली. "चुकून? ते काय दिव्याचं बटण आहे?"

"समजा हो."

"ज्यानं केलं त्याच्यावर विनापरवाना दुरुस्तीचा गुन्हा. ज्याच्या घरात सापडलं त्याच्यावर विनापरवाना बाळगण्याचा. तीन वर्षं, पाच वर्षं, न्यायाधीशाचा मूड असेल तशी." त्याचा आवाज खाली आला. "तुमच्या वहिनींचं तर निकामी आहे ना? तसंच टंकलंय मी."

"आहे, आहे," किल्लीवाला म्हणाला.

दुकानात परत येऊन तो स्टुलावर बसला. किल्ली बनवणाऱ्याचा परवाना पोलिसांच्या दाखल्यावर चालतो. कुणाच्याही घराचं दार उघडू शकणाऱ्या माणसावर गुन्हा असून चालत नाही. दाखला गेला की दुकान गेलं. आणि दुकान गेलं तरी एकवेळ चालेल, पण तुरुंग? त्रेसष्टाव्या वर्षी? पण सांगू नये, तर पिस्तूल वहिनीच्या पिशवीत. तिच्या घरातलं. तिच्या सहीचं.

सव्वाअकरा झाले होते. त्याची नजर क्रमांकाच्या ठशांच्या पेटीवर गेली. किल्ल्यांवर आकडे उठवायचे ठसे, शून्य ते नऊ. पोलादाचा तुकडा त्याच्याकडे होताच. त्यानं तुकडा शेगड्याच्या पकडीत आवळून धरला आणि ४ चा ठसा उचलला. चाळीस वर्षांत जी हातोडी कधी चुकली नव्हती, ती पहिल्याच घावाला अंगठ्यावर बसली. ४ उठला. १ उठला. ७ तिरका बसला.

"काय करताय हे?"

वहिनी दारात उभी होती. हातात नक्कल होती आणि घामानं चेहरा लाल झाला होता.

त्यानं सगळं सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही, म्हणून तो ताटलीतल्या किसाशी बोलला.

वहिनीनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, पेटी! मी पेटीचं म्हटलं! कडी उघडेना म्हणून आणली होती तुमच्याकडे."

"तुम्ही 'हे' म्हणालात."

"मग 'हे' म्हणजे पेटीच ना! समोर काय ठेवलं होतं मी? तुमचे दादा परवडले. पाणी द्या म्हटलं की विचारायचे, कशाला. आणि तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत."

"खरंय."

"त्यांचं नाव खराब होईल हो. लोक म्हणतील, चोरून चालू ठेवलं होतं." ती ग्राहकांच्या बाकावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. "होईल का तसंच?"

"काय?"

"ती खुंटी. बसेल का तशीच?"

"वरून बघणाऱ्याला कळणार नाही."

"मग बसवा. मी करते सही. तुम्हाला आत टाकलं तर मला कोण आहे, सांगा? तुमचे दादा गेले, मूलबाळ नाही. औषधं आणायला कोण, बोलायला कोण? बसवा म्हणते ना."

त्यानं ९ उठवला आणि खुंटी बसवली. आता हातोडी एकदाही चुकली नाही, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

कचेरीत पंख्याखाली एक अधिकारी बाई बसल्या होत्या. वागायला चांगल्या. त्यांनी वहिनीला खुर्ची दिली, पाणी मागवलं, नवरा कशानं गेला ते विचारलं. पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं, जुनी वही काढून खुंटीचा क्रमांक जुळवला. तिरक्या सातावर त्यांचं बोट क्षणभर रेंगाळलं. बाईंनी पान उलटलं.

"हे आता मुख्य भांडारात जाईल," त्या म्हणाल्या. "तिथले तज्ज्ञ उघडून बघतात, मग वितळवतात. महिनाभरात तुम्हाला पत्र येईल. तेवढी या प्रतिज्ञापत्रावर सही करा. वाचून दाखवते, नियम आहे." आणि त्यांनी सपाट आवाजात वाचलं, "पतीच्या मृत्यूनंतर सदर शस्त्र मी अथवा अन्य कोणी उघडलेले किंवा दुरुस्त केलेले नाही. हे खोटे आढळल्यास शिक्षेस मी एकटी जबाबदार राहीन."

"एकटी कशाला?" किल्लीवाल्याच्या तोंडून गेलं.

"नमुनाच तसा आहे. सही करणारा एकटाच असतो ना."

वहिनीनं पेन उचललं. तिला संधिवात होता. पेन दोन बोटांत नीट बसेना, म्हणून तिनं ते मुठीत धरलं. तिचा जीव घाबरलाय हे किल्लीवाल्याला तिच्या कानामागच्या शिरेवरून दिसत होतं. तरी ती त्याच्याकडे वळून पाहत नव्हती. पाहिलं असतं तर कदाचित तो गप्प राहिला असता.

"थांबा," तो म्हणाला. "ती खुंटी मी आज सकाळी बनवलीय. आधीची मीच काढली."

"भावोजी!"

"वहिनींना माहीत नव्हतं. त्यांनी फक्त पेटी उघडायला दिली होती. ऐकायला मी चुकलो."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आत्ता बोललात ते कळतंय का तुम्हाला? हे मला लिहून घ्यावं लागेल."

"घ्या."

"धंदा काय तुमचा?"

त्यानं सांगितलं. बाईंनी सुस्कारा टाकला, कारण पुढचं सगळं त्यांनाही कळलं होतं. "आपणहून सांगितलंत, हे मी वरती लिहीन. न्यायालय त्याचा विचार करतं. कधीकधी करतं. पण आज तुम्हाला घरी सोडता येणार नाही."

"माझं पण लिहा," वहिनी उठून उभी राहिली. "बसवा म्हणून मीच सांगितलं. मी सही करायला निघाले होते."

"सही केलीत का?"

"नाही, पण..."

"मग घरी जा, आजी." बाईंचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "मी काही ऐकलेलं नाही."

शिपाई दाराशी येऊन उभा राहिला. किल्लीवाल्यानं कमरेचा दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि वहिनीच्या हातात ठेवला. ती जुडग्याकडे बघतच राहिली. एवढ्या किल्ल्या तिनं आयुष्यात कधी धरल्या नव्हत्या.

"डावीकडच्या फळीवर तीन कुलुपं आहेत," तो घाईघाईनं सांगायला लागला. "पितळी आहे ते शाळेतल्या बाईंचं, संध्याकाळी येतील. काळं दवाखान्याचं, ते त्यांना आजच पाहिजे, त्यांचं औषधांचं कपाट उघडं पडलंय. तिसरं अजून झालेलं नाही. त्या माणसाला म्हणावं, दुसरीकडून करून घ्या."

"पितळी दवाखान्याचं," वहिनी म्हणाली.

"नाही, वहिनी. काळं दवाखान्याचं."

"काळं दवाखान्याचं."

"आणि पितळी?"

शिपायानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पितळी कुणाचं, वहिनी?" चालता चालता मान मागे वळवून त्यानं पुन्हा विचारलं.