उजवीकडच्या रिबिनी

थोरलीचं पहाटेपासून डोकं फिरलेलं होतं, आणि त्याला कारण रिबिनी. बेटावरची पासष्ट किलोमीटरची डोंगरशर्यत, तीन डोंगर चढायचे आणि तीन उतरायचे, पाचला बंदरातून निघून संध्याकाळी सातच्या आत परत बंदरात. एवढं पुढ्यात असताना माणूस स्वतःच्या दमाचा विचार करतो, नाहीतर पायांचा. थोरली मात्र वाटेच्या खुणेसाठी झाडांना बांधलेल्या रिबिनींकडे बघत पळत होती. ही रिबीन फार खाली बांधलीय. ही पानांत गेलीय, शोधावी लागते. वळणावर दोन हव्यात, इथे एकच. आणि ही काय गाठ म्हणायची की बुटाची नाडी?

दोष तिचाही नव्हता. बारा वर्षं या शर्यतीची वाट तिनेच आखली होती. घराखाली पडदे शिवायचं दुकान, त्यात तीन मशीनं आणि एक लांबलचक कापायचं टेबल. उरलेल्या केशरी अस्तराच्या चिंध्या कापून ती रिबिनी करायची आणि शर्यतीच्या आधी दोन दिवस पोतं पाठीला लावून डोंगर तुडवायची. पळणाऱ्यांनी त्या रिबिनींच्या मागे पळायचं, बक्षिसं घ्यायची, शर्यत मुदतीत पुरी केली की सभागृहातल्या फळीवर नाव लावून घ्यायचं. थोरलीचं नाव त्या फळीवर कधी लागलं नाही. रिबिनी बांधणाऱ्याचं लावत नाहीत.

यंदा पन्नाशी गाठल्यावर तिने जाहीर केलं की आपण पळणार. घरात हसण्यावारी नेलं, तशी ती आणखी हट्टाला पेटली. वर्षभर रोज सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ घासला. गुडघ्याच्या डॉक्टरांनी फोटो बघून मान हलवली आणि म्हणाले, "एवढी एक पळून घ्या. पुढच्या वर्षीचं माझ्याकडे मागायला येऊ नका." म्हणजे नाव लागलं तर यंदाच, नाहीतर कधीच नाही.

मग रिबिनींचं काम गेलं धाकट्या जावेकडे.

धाकटी आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन घरात आली आणि दुसऱ्या महिन्यात दुकानात बसली. हात चांगला होता. पण थोरलीची एक सवय होती. धाकटीने पडदा शिवून टेबलावर ठेवला की थोरली त्याच्या काठावरून बोट फिरवायची, कुठेतरी थांबायची, "हं," म्हणायची आणि उसवायला घ्यायची. मग तीच शिवण पुन्हा स्वतः घालायची. गिऱ्हाइकाला दोन्ही शिवणींतला फरक बापजन्मात कळला नसता, पण थोरलीच्या हाताखालून गेल्याशिवाय पडदा बाहेर गेला नाही, एवढं खरं. धाकटी काही बोलत नसे. पहिल्या वर्षी रडायची म्हणतात, नंतर तेही बंद झालं.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सभागृहात सगळ्यांना सूचना होत्या. शर्यतीचे प्रमुख म्हणजे शाळेतले निवृत्त खेळाचे मास्तर. ते नकाशापुढे उभे राहून वाट समजावत होते आणि थोरली मागच्या दारात धाकटीला समजावत होती. मास्तरांचं भाषण तिला पाठ होतं, बारा वर्षं तिनेच लिहून दिलं होतं.

"ताई, यंदा खिंडीपाशी—" धाकटीने मध्येच तोंड उघडलं.

"खिंड तू मला शिकवू नकोस," थोरली म्हणाली. "मी काय सांगतेय ते ऐक. वारा असेल तिथे गाठ दुहेरी मारलीस ना?"

"मारली."

"बघतेच उद्या."

आणि आता ती बघत होती. पहिला डोंगर गेला, दुसरा गेला, तिन्ही चेकपॉइंट मुदतीच्या आत गेले. खरं तर तिने खूश असायला हवं होतं. पण दर शंभर पावलांवर काहीतरी खटकायचं आणि पित्त खवळायचं. दहाव्या किलोमीटरला एक दाताचा डॉक्टर शेजारून पळत होता, त्याने सहज म्हटलं, "वाट छान आखलीय यंदा." थोरलीने त्याच्याकडे असं काही बघितलं की तो बिचारा पुढच्या चढाला मुकाट मागे राहिला.

दुपारी दोनला दहा मिनिटं कमी असताना ती खिंडीत पोचली. इथून पाच किलोमीटरवर चौथा चेकपॉइंट, त्याची मुदत साडेतीन. हातात चाळीसेक मिनिटं जास्तीची होती. गुडघा ठणकत होता, पण धरून होता. तिने मनाशी हिशेब केला आणि दिवसभरात पहिल्यांदा तिला वाटलं, जमतंय की.

आणि मग तिने समोर पाहिलं. खिंडीत वाटेला दोन फाटे फुटतात. डावीकडची वाट डोंगराच्या धारेवर चढते, उजवीकडची रानात उतरते. शर्यत बारा वर्षं डावीकडून गेली होती. रिबिनी बांधल्या होत्या उजवीकडे. एक नाही, दोन नाही, चार, वर दगडावर खडूने बाणही काढलेला.

थोरली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. उजवीकडच्या चिखलात बुटांचे ठसेच ठसे होते. पुढे गेलेले चाळीसएक लोक सगळे तिकडेच उतरले होते. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, चाळीस लोक गेलेत त्या अर्थी वाट तिकडूनच असणार. थोरली म्हणाली, "चाळीस माणसांना चुकवलं हिने."

ती रडायच्या बेताला आली, इतका संताप झाला. वर्षभर सांगून, पोत्यात रिबिनी मोजून देऊन, शेवटी सगळ्या शर्यतीचं वाटोळं. गेले ते गेले, निदान मागून येणाऱ्यांना तरी वाचवायला हवं. पळणाऱ्याने रिबिनीला हात लावायचा नाही, लावला तर शर्यतीतून बाद, हा नियम होता. तोही थोरलीनेच मास्तरांना घालायला लावला होता. पण नियम परक्यांसाठी असतो, अशी तिची समजूत असावी. तिने एकेक करून चारही रिबिनी सोडल्या आणि डावीकडे बांधल्या, डोळ्यांच्या उंचीवर, पानांपासून मोकळ्या. दगडावरचा बाण बुटाने पुसला. पाच मिनिटं गेली, पण काम बघून जरा गार वाटलं. मग ती धारेवर चढायला लागली.

अर्धा तास ती चढली. वाट ओळखीची होती, पण पायाखाली गवत माजलेलं, कुणी महिनोन्‌महिने फिरकल्यासारखं दिसेना. दरवर्षी इथे तिच्याआधी कुणीतरी गवत कापून ठेवायचं. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण पाय थांबले नाहीत. धारेच्या टोकाला वळण घेतलं आणि समोर कुंपण आलं. लोखंडी खांब, तीन पदरी तार, आणि एक पाटी: दरड कोसळली आहे, रस्ता बंद. कुंपणापलीकडे वाट नव्हतीच. डोंगराचा एक तुकडा खाली गेला होता आणि तांबडी माती उघडी पडली होती.

थोरली पाटीपुढे उभी राहिली. दारातला धाकटीचा अर्धा शब्द तिला आठवला, यंदा खिंडीपाशी. स्वतःची शर्यत गेली हे आधी सुचलंच नाही, आधी सुचलं ते खाली बांधलेल्या त्या चार रिबिनींचं. ती उलटी फिरली आणि गुडघ्याची पर्वा न करता उताराला लागली.

पाऊण वाटेवर ते भेटलेच. दाताचा डॉक्टर पुढे, त्याच्या मागे बस चालवणारी एक बाई आणि तिचा भाऊ. तिघेही तोंड लाल करून चढत होते.

"मागे फिरा," थोरली म्हणाली. "वर रस्ता नाही."

"नाही म्हणजे?" डॉक्टरने विचारलं. "रिबिनी इकडे आहेत."

"रिबिनी चुकीच्या आहेत. वाट उजवीकडून आहे."

डॉक्टर कंबरेत वाकून दम खात राहिला. सकाळी वाट छान म्हणणारा हाच माणूस. "कुणी बांधल्या या? तुमची जाऊ ना?" तो म्हणाला. "काल मास्तर ओरडून ओरडून सांगत होते, उजवीकडे, उजवीकडे. मी म्हटलं, रिबिनी डावीकडे आहेत म्हणजे मागाहून बदललं असेल. एवढं साधं काम जमत नाही तर घेता कशाला?"

थोरलीने तोंड उघडलं. सांगणं सोपं होतं, चार शब्दांचं काम. पण तिघेही तिच्याकडे असे बघत होते की जणू या गोंधळात तीच एक शहाणी. तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच, "हं."

ते "हं" तिला उतरताना प्रत्येक पावलाला टोचलं.

खिंडीत पोचले तेव्हा पावणेतीन झाले होते. "चला, अजून गाठू," बसवाली म्हणाली आणि भावाला घेऊन उजवीकडे उतरलीसुद्धा. डॉक्टरने घड्याळ पाहिलं. "तुम्हीही चला. पळत सुटलात तर मिळेल."

"तुमच्या मागे अजून कुणी आहे?"

"आहेत दोघीतिघी. आणि सगळ्यांत शेवटी तो रिबिनी गोळा करणारा. तो बघून घेईल."

तो बघून घेणार नव्हता. तो रिबिनींच्याच मागे येणार होता आणि शेवटच्या बायकांना घेऊन धारेवर चढणार होता. थोरलीला हे ठाऊक होतं, डॉक्टरला नव्हतं. "तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली.

गाठी तिने स्वतःच मारल्या होत्या, वाऱ्याने सुटू नयेत अशा. बोटं सुजलेली, नखं गाठीत शिरेनात. दातांनी ओढून पहिली सोडली. उजवीकडे बांधली. दुसरी, तिसरी. चौथी सोडेपर्यंत ती तोंडाने स्वतःलाच वाट्टेल ते बोलत होती, आणि त्यातलं बरंचसं ती आठ वर्षं धाकटीला बोलली होती. जवळ खडू नव्हता, म्हणून दगडावर चिखलाने बाण काढला. तीनला सात मिनिटं कमी.

पुढचे पाच किलोमीटर ती कशी उतरली ते तिचं तिला माहीत. दोनदा पडली. तळहात सोलले. एका सपाट तुकड्यावर तिला खरंच वाटलं की जमेल, आणि मग गुडघ्याने जे धरलं ते सोडलंच नाही. चेकपॉइंटचा तंबू दिसला तेव्हा तीन चाळीस झाले होते. एकेचाळिसाव्या मिनिटाला ती दोरी ओलांडून आत आली. मुदत अकरा मिनिटांपूर्वी संपली होती. बसवाली, तिचा भाऊ आणि डॉक्टर दोन मिनिटं राखून निघून गेले होते, पण डॉक्टर जाता जाता बोलायचं ते बोलून गेला होता.

तंबूत मास्तर उभे होते आणि त्यांच्यापुढे धाकटी, हातात पाण्याचा जग.

"मी नकाशा दिला, खुणा करून दिला," मास्तर म्हणत होते. "माणसं दरडीवर गेली असती तर? कोण जबाबदार?"

"मला आठवतं मी उजवीकडेच बांधल्या," धाकटी म्हणाली. मग तिचा आवाज खाली गेला. "पण मग त्या डावीकडे कशा... चुकलं असेल माझं. माझंच चुकलं असेल, मास्तर. माफ करा."

"तिचं नाही चुकलं," थोरली दारातून म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. थोरली खुर्चीचा आधार घेऊन उभी होती, गुडघ्यापासून खाली चिखल.

"तिने उजवीकडेच बांधल्या होत्या. मी सोडल्या आणि डावीकडे बांधल्या. मला वाटलं हिनेच घोळ घातलाय. डॉक्टर मला वाटेत भेटले, तेव्हाही मी बोलले नाही."

 मास्तरांनी टेबलावरची कात्री घेतली, थोरलीच्या छातीवरच्या नंबराचा कोपरा कापला आणि वहीत तिच्या नावापुढे रेघ मारली. "बसा," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

धाकटीने जग खाली ठेवला. रागावली असती तर थोरलीला सोसलं असतं, तिने त्याचीच तयारी केली होती.

"ताई, एक विचारू?" धाकटी म्हणाली. "रिबिनी सोडताना एकदा तरी तुमच्या मनात आलं का, की माझं बरोबर असेल?"

खोटं बोलायची ही दुसरी संधी होती. थोरलीने ती घेतली नाही. "नाही," ती म्हणाली. "नाही आलं."

धाकटीने मान हलवली. "माझ्याही नाही आलं," ती म्हणाली. "डॉक्टर येऊन बोलले आणि मी लगेच मान्य करून टाकलं. चारही गाठी मी माझ्या हाताने मारल्या होत्या, ताई. तरी."

तिने पेल्यात पाणी ओतून थोरलीपुढे ठेवलं आणि मागच्या बायका येतात का ते बघायला ती दाराशी गेली. थोरली खुर्चीत बसली. आपलं नाव आता फळीवर कधीच लागणार नाही, हे तिला कळत होतं, आणि त्याचं वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नव्हतं. तिच्या कानात धाकटीचं ते शेवटचं "तरी" तेवढं राहिलं होतं, आणि पाण्याचा पेला तसाच पुढ्यात होता.