खंडेनवमीचं ग्रीस

मित्रांनो, मी एक जुना गनमेटलचा, म्हणजे तांब्या-कथलाच्या मिश्रधातूचा, बुश आहे. बुश म्हणजे हलत्या पिनीला चहूबाजूंनी धरून ठेवणारी, करंगळीएवढी नळी. नाकं मुरडू नका, मी विमानात बसवलेला आहे!

आधी मी एवढासा नव्हतो. कोल्हारला रस्त्याकडेच्या रसवंतीत, भिमाजीआबांच्या चरकात मी वीस उन्हाळे काढले. आबा रोज सकाळी मूठभर ग्रीस माझ्या तोंडात कोंबायचे आणि म्हणायचे, "खा बाबा, पोटभर खा." त्याच उसाच्या रसावर त्यांनी एकुलत्या एका लेकीला, राजेश्वरीला, इंजिनिअर केलं. पुढे रसवंती बंद पडली आणि मी भंगाराच्या पोत्यात गेलो. फार वाईट वाटलं हो.

राजेश्वरी घरामागच्या शेडमध्ये सहा वर्षं एका माणसापुरतं विमान बांधत होती. चालवणाऱ्याच्या हातातल्या दांड्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या सळईच्या सांध्यात काय बसवायचं, इथे तिचं घोडं अडलं. टेबलावर चकचकीत बॉलबेअरिंग होतं, पांढराशुभ्र नायलॉनचा बुश होता. नायलॉन तिने आठवडाभर पाण्यात ठेवला, तर गडी फुगला आणि पिनीला आवळून बसला. बॉलबेअरिंग गोल फिरण्यात पटाईत, पण इथे जागच्या जागी जरासं पुढे-मागे हलायचं होतं. तेवढ्यानेच त्याच्या गोळ्यांनी खाचा पाडल्या. मग तिला पोत्यातला मी आठवलो. श्रीरामपूरच्या सहादेव लेथवाल्याने मला कातून लहान केलं.

"झिजंल ताई, पर आधी खुळखुळून सांगंल. एकदम दगा देनार न्हाई," तो म्हणाला. मी अभिमानाने असा काही फुगलो म्हणता!

उडवायची सरकारी परवानगी आली. पहिलं उड्डाण दसऱ्याला ठरलं. आदल्या दिवशी खंडेनवमी, आबांनी विमानाची पूजा मांडली. राजेश्वरी जेवायला आत गेल्यावर ते गुडघे टेकून माझ्यापाशी आले. तेलाच्या भोकावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि चरकाच्या जुन्या डब्यातलं वाळू बसलेलं ग्रीस बोटाने आत कोंबलं.

"लेकीला सांबाळ रं बाबा," ते म्हणाले.

मला ओरडावंसं वाटलं, आबा, आता मला थेंबभर पातळ तेल पुरतं! पण बुशाला कुठली वाचा?

दसऱ्याच्या सकाळी धावपट्टीवर राजेश्वरीने नेहमीप्रमाणे दांडा मागे ओढून पाहिला. तो अर्ध्यावर रुतला. शेपटीची फळी हलेना. हेच हवेत झालं असतं तर ती जिवंत परत आली नसती.

"हा बुशच काढून फेकते," ती म्हणाली आणि पाना घेऊन माझ्याकडे वळली. माझं तर पाणी पाणी झालं.

तेवढ्यात आबा पुढे आले. त्यांची बोटं अजून पिवळी होती.

"त्याला नको फेकू, राजू. मीच ग्रीस कोंबलं गं, चरकाला घालायचो तसं. कोरडा ऱ्हायला तर तुला दगा दील, म्हनून."

"आबा, अहो जीव गेला असता माझा!" राजेश्वरी कडाडली. आणि मग ते पिवळे हात धरून स्वतःच रडायला लागली.

तिने मला बाहेर काढून रॉकेलमध्ये धुतलं, परत बसवलं आणि थेंबभर तेल सोडलं. "आता तुम्ही हलवून बघा, आबा. तुम्ही हो म्हणालात तरच मी बसते."

आबांनी सांधा दहा वेळा हलवला. कान लावून ऐकला. मग म्हणाले, "व्हय. जा."

चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा दांड्यातून तिच्या हाताची ओढ माझ्यापर्यंत पोचली. मी पिनीला हळुवार धरून राहिलो. एक घिरटी घालून ती सुखरूप उतरली, तेव्हा आबा चप्पल मागेच टाकून धावत आले.

आता प्रत्येक उड्डाणाआधी तेच मला तपासतात. डबा लांब ठेवतात, सांधा हलवतात आणि माझ्यापाशी वाकून विचारतात, "काय पायजे रं तुला?"

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला एवढं विचारत जा. आबांनी मला वीस उन्हाळे पोटभर खाऊ घातलं, पण हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.