दाजींनी बांधलेला माल

लाकडाच्या वखारीत त्याला सगळे कासव म्हणत. ट्रक हळू चालवायचा म्हणून नव्हे, निघायलाच वेळ लावायचा म्हणून. बाकीचे ड्रायव्हर चहाचा शेवटचा घोट घेत गाडी सुरू करत, तेव्हा हा आपला ट्रकभोवती प्रदक्षिणा घालत असे. हा पट्टा ओढून बघ, तो पट्टा आवळायचा दांडा दाबून बघ, मागे जाऊन वाकून बघ. "अरे, फळ्या आहेत त्या, पळून जाणार आहेत का?" असं कुणी चिडवलं की म्हणायचा, "त्यांना पाय नसतील, पण रस्त्याला उतार आहे ना!"

नियमही तसाच होता. माल कुणीही भरो, कुणीही बांधो, ट्रक एकदा फाटकाबाहेर पडला की मालाची जबाबदारी ड्रायव्हरची. वाटेत काही घसरलं, पडलं, कुणाला लागलं, तर जाब ड्रायव्हरला.

पण एका माणसाने बांधलेला माल कासव कधीच तपासत नसे. तो माणूस म्हणजे माल भरणाऱ्या टोळीचा मुकादम, कासवाच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याचे दाजी.

दाजी म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. कासवाला या कामाला लावलं त्यांनीच, माल कसा बांधायचा तेही शिकवलं त्यांनीच. सुरुवातीला एकदा कासवाने त्यांनी आवळलेल्या पट्ट्याला सवयीने हात घातला. दाजी तेव्हा काही बोलले नाहीत. घरी जाऊन बायकोला म्हणाले, "तुझ्या भावाला माझ्या कामाची खात्री करून घ्यावी लागते बरं का." मग ताईचा फोन आला. "बाबा रे, तुझा पट्टा राहू दे घट्ट, इथे माझा संसार सैल व्हायला लागलाय!" कासव हसला आणि तेव्हापासून दाजींच्या मालापुढे त्याने हात जोडले ते जोडलेच.

त्या दिवशी लांब फळ्यांचे गठ्ठे होते. दाजींनी पट्टे आवळले, ट्रकच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हं, निघ." कासव निघाला.

बाजाराच्या अलीकडे रस्ता वळतो तिथे त्याने गाडी नेहमीसारखीच सावकाश घेतली. मागून आधी काहीतरी घासल्याचा आवाज आला. आरशात पाहिलं तर वरचा गठ्ठा एका अंगाला झुकत होता. ब्रेक दाबला, पण तोवर फळ्या सुटल्या होत्या. वळणावर एका सायकल दुरुस्तीवाल्याचं दुकान होतं. मिस्त्री बाहेरच चाक पुढ्यात घेऊन बसलेला. पत्र्याचा आडोसा पडला, त्याच्यावर फळ्या, आणि त्यांच्याखाली मिस्त्रीचा पाय.

कासव धावला. आणखी चार लोक धावले. फळ्या उचलताना त्याच्या हातात कुसळं घुसली, ती त्याला संध्याकाळपर्यंत कळलीही नाहीत. मिस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ हलत होते म्हणून कासवाने कान जवळ नेला.

"ती लाल सायकल आधी बाजूला घे," मिस्त्री म्हणाला. "गिऱ्हाईकाची आहे."

फौजदार आले, पाठोपाठ वखारीचे मालक आले, मालकांबरोबर दाजी. फौजदारांनी विचारलं, "माल बांधला कुणी?"

दाजी मान खाली घालून उभे होते.

"निघण्याआधी बघायचं काम माझं," कासव म्हणाला. "मी बघितलं नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. फौजदारांनी तेवढंच लिहून घेतलं. चौकशी संपेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असं मालकांनी बजावलं. वखारीत सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. कासवाने माल तपासला नाही? उद्या सूर्य पश्चिमेला उगवेल! संध्याकाळी दाजींनी त्याला एकट्याला गाठलं, खांद्यावर हात ठेवला आणि तसेच निघून गेले.

कासवाला रोज दवाखान्यात जायची सवयच लागली. मिस्त्री एकटा जीव, पाहायला येणारं फारसं कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने कासवाला असे खडे बोल सुनावले की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आलास परत? बस मग. पाय मोडलाय, तोंड शाबूत आहे. माझं ऐकायला तरी कुणीतरी हवंच."

मग एकदा त्याने विचारलं, "माल सुटला कसा?"

"मी बघितलं नाही, मिस्त्री. चूक माझीच."

"ते झालं तुझं. मी विचारतोय, सुटला कसा? माझ्याकडे ब्रेक न लागलेली सायकल येते ना, तेव्हा मालक म्हणतो, माझंच लक्ष नव्हतं. लक्ष नव्हतं तर नव्हतं, पण ब्रेक का लागला नाही? तार तुटली, की रबर झिजलं, की नट सैल होता? ते नाही शोधलं तर तो पुढच्या चौकात पुन्हा आपटणार."

कासव खाटेवरची चादर सारखी करू लागला.

"गप्प बसलास म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय," मिस्त्री म्हणाला आणि डोळे मिटून पडून राहिला.

खरं तर तो प्रश्न कासवालाही छळत होता. पट्टा तुटला नव्हता. नवाकोरा होता. मग सुटला कसा? दाजींचा हात चुकेल हे त्याच्या मनालाच पटत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तो न कळवता बहिणीकडे गेला. दार उघडंच होतं. आत दाजी खुर्चीवर बसले होते आणि ताई त्यांच्यासमोर वाकून त्यांच्या सदऱ्याची बटणं लावत होती. कासवाला पाहताच दोघंही चोरी पकडल्यासारखी बाजूला झाली.

"या, या," दाजी म्हणाले. "तुझ्या बहिणीला आता म्हातारपणी प्रेमाचं भरतं आलंय."

कुणी हसलं नाही. चहा आला. दाजींनी कप डाव्या हाताने उचलला. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता, बोटं जरा आत वळलेली. ताई कप घेऊन आत गेली तसा कासव तिच्या मागे मोरीपाशी गेला.

"ताई, दाजींच्या हाताला काय झालंय?"

तिने नळ मोठा सोडला. "मला शपथ घातलीय त्यांनी."

"मला काही घातलेली नाही. मी बघितलंय."

ती तशीच कप विसळत राहिली. मग हळूच म्हणाली, "खांद्यापासून जोर गेलाय रे. किती महिने झाले. डब्याचं झाकणसुद्धा उघडवत नाही त्यांना. डॉक्टरकडे चला म्हटलं तर अंगावर येतात. म्हणतात, हात गेला असं वखारीत कळलं तर मुकादम कसला, मला झाडू मारायलाही ठेवणार नाहीत."

पट्टा आवळायचा दांडा शेवटच्या दातापर्यंत दाबायला मनगटात बळ लागतं. तेवढा दाबला नाही तर पट्टा वरून घट्ट दिसतो आणि चार खड्ड्यांत ढिला पडतो.

तो बाहेर येऊन दाजींसमोर बसला.

"दाजी, मालकांना सांगा."

"काय सांगू?"

"हाताचं."

दाजींनी स्वयंपाकघराकडे असं पाहिलं की तिथला नळ बंद झाला. "म्हणजे ठपका माझ्यावर टाकायला आलास तर. मग त्याच दिवशी टाकायचा होता फौजदारापुढे! मी काय तुझ्या पाया पडलो होतो का, माझं नाव घेऊ नको म्हणून?"

"ठपका माझ्याकडेच राहू दे. मला तो कुणाला द्यायचा नाही. पण उद्या तुमच्या भरवशावर दुसरा कुणी निघेल. दर वेळी पायावरच निभावेल असं नाही."

"तुला ड्रायव्हर कुणी केलं?"

"तुम्ही."

"मग माझ्या घरात बसून मला शिकवू नकोस."

कासव उठला. दारापर्यंत पोचवायला आलेली ताई फक्त एवढंच म्हणाली, "जा आता. पण सोडून देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची नसतानाही तो वखारीत गेला. पैलवान नावाचा ड्रायव्हर जाड तुळया घेऊन निघायच्या तयारीत होता. दाजींनी नुकतेच पट्टे आवळले होते. कासव ट्रकपाशी गेला. आयुष्यात इतका जड हात त्याने कधी उचलला नसेल. त्याने पहिल्या पट्ट्याचा दांडा धरला.

"काय रे, तुझी गाडी बंद म्हणून आता माझी तपासतोस?" पैलवान हसला.

कासवाने दांडा दाबला. कट् झालं. पुन्हा दाबला, पुन्हा कट्. पट्टा आत सरकतच गेला. पैलवानाचं हसू मावळलं. माल भरणारे जागच्या जागी थांबले. कासवाने दाजींकडे पाहिलं नाही, त्याची हिंमतच झाली नाही. तो दुसऱ्या पट्ट्याकडे वळणार एवढ्यात मागून आवाज आला.

"थांब. राहू दे."

दाजी पुढे आले. डाव्या हाताने त्यांनी आपला उजवा हात मनगटाशी धरला होता, लहान मुलाला धरून आणावं तसा.

"सगळेच पट्टे सैल आहेत, पैलवान. माझ्या हातात जोर उरलेला नाही. त्या सायकलवाल्यावर पडला तो मालही मीच असा बांधला होता." मग ते ओरडले, "बघत काय बसलात? आवळा कुणीतरी नीट!" आणि वळून मालकांच्या खोलीकडे चालू लागले.

मालक आधी भडकले. बोलायचं तेवढं बोलून घेतलं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बसा. एवढे दिवस दुखणं अंगावर का काढलंत?" या प्रश्नाने दाजींचा बांध फुटला, असं चहावाल्याने नंतर सांगितलं. दाजी स्वतः ते कधीच कबूल करायचे नाहीत.

मानेतली नस दबली होती. थोडा जोर परत येईल, सगळा नाही, असं डॉक्टर म्हणाले. मुकादमकी गेली. दाजींना लाकूड निवडायच्या कामाला बसवलं, पगार उतरला. कासवाचा परवाना काही काळासाठी रोखला गेला. दाजींच्या कबुलीने त्यात काडीचाही फरक पडला नाही. माल सैल होता हे खरं, पण बघायचं त्याने होतं. कासवाला ते अन्यायाचं वाटलं नाही. त्या काळात तो वखारीतच फळ्या रचायचं काम करायचा.

दाजी मात्र त्याच्याशी बोलायचे बंद झाले. समोरून आला तर फळ्यांच्या आड जायचे. ताई म्हणायची, "तुझ्यावर नाही रे, स्वतःवरच रुसलेत. निघेल राग." कासव मान हलवायचा, पण त्याला ते लागायचं.

एका दुपारी तो दवाखान्यात पोचला तर मिस्त्रीच्या खोलीतून चढे आवाज येत होते. त्याने दारातून डोकावलं. खाटेशेजारच्या स्टुलावर दाजी बसले होते. हातात रबरी चेंडू, डॉक्टरांनी दाबायला दिलेला.

"माझा हात तुमच्या पायाआधी बरा होणार," दाजी म्हणत होते.

"वा रे वा! आधी माझा पाय मोडायचा, वर माझ्याशीच शर्यत?" मिस्त्री कडाडला. "मी पुढच्या आठवड्यात काठी घेऊन उभा राहणार आहे. तुम्ही तोवर साधा चेंडू तरी चेपून दाखवा."

दाजी चेंडू दाबायला लागले. कपाळावरची शीर फुगली, चेंडू जेमतेम चेपला. मिस्त्री मान पुढे काढून बारकाईने पाहत होता.

"हां, गेला थोडा आत," तो म्हणाला, पहिल्यापेक्षा पुष्कळ मवाळ आवाजात. "पुन्हा करा."

दारातल्या कासवाकडे दाजींचं लक्ष गेलं. त्यांनी क्षणभर नजर चुकवली, मग पायाने दुसरं स्टूल त्याच्याकडे ढकललं.

"उभा काय राहिलास खांबासारखा? बस. हा माणूस मला एकट्याला आवरत नाही."