ताकद वाढावी म्हणून

जितेशचे डोळे पिवळे होऊन आठवडा झाला होता. पेणजवळच्या गडब गावातल्या त्याच्या घरी औषधाला मात्र तोटा नव्हता. त्याची बायको सगुणा बचत गटातल्या बायकांना रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर विकायची. करोनापासून गावाचा तिच्यावर विश्वास बसला होता. नवऱ्याला कावीळ झाली, तशी तिने दोन वेळची पावडर चार वेळा सुरू केली.

"अंगात ताकद आली की कावीळ पळंल," ती म्हणायची.

रविवारी सकाळी नणंद समीक्षा आली. ती रोह्याला नर्स होती. जितेश ओटीवर बसून शर्टाची बटणं लावत होता, काढत होता, पुन्हा लावत होता.

"दादा, आज वार कोणता?"

तो पुन्हा बटण काढू लागला. "सेकंड शिफ्ट... हाय ना?"

समीक्षाचा चेहरा उतरला. "वहिनी, रिक्षा बोलव. आत्ताच्या आत्ता!"

"अगो, झोप नाय झाली त्यांची, म्हणून तसं बोलतात."

"झोपेचं नाय हे! यकृत थकलं की डोक्यावर असाच परिणाम होतो."

पेणच्या दवाखान्यात जितेशला लगेच दाखल केलं. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दूषित पाण्यातून झालेली कावीळ आहे. घरी काय दिलंत?"

सगुणाने पिशवीतून डबा काढला. "प्रतिकारशक्तीचं दिलं. वाईट काय नाय दिलं."

डॉक्टरांनी डबा फिरवून पाहिला. आत काय आहे, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"बाई, हा विषाणू यकृतात घुसतो, पण स्वतः फारशी मोडतोड करत नाही. मोडतोड करते आपलीच प्रतिकारशक्ती. ज्या पेशीत विषाणू लपलाय, त्या पेशीलाच ती मारून टाकते. बहुतेकांचं हे बेतानं होतं, माणूस बरा होतो. एखाद्याच्या अंगात मात्र ती ताळतंत्र सोडते. तेव्हा तिला आणखी भडकवायचं? आणि असल्या पावडरी पचवायच्या कुणी? त्याच थकलेल्या यकृतानं!"

"म्हणजे... मीच केलं हे?"

"पावडरीनंच झालं, असं मी म्हणणार नाही. पण आठवडा वाया गेला, हे खरं."

सगुणा भिंतीला टेकली आणि एकदम दचकली. कालच तिने जिते गावातल्या रंभाला असाच डबा दिला होता. रंभाच्या मुलीला, राणीलाही कावीळ झाली होती!

तिने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. नाहीच.

नवऱ्याला अशा अवस्थेत सोडून जायचं? आणि जाऊन काय तोंड दाखवायचं?

"जा वहिनी, दादाजवळ मी हाय," समीक्षा म्हणाली.

सगुणा रंभाच्या दारात पोचली तेव्हा राणीच्या ओठाला पावडरीचा पेला लागला होता.

"नको देऊ गो!" ती ओरडली.

रंभा चकित झाली. "तूच तर दिलंस!"

"व्हय, मीच दिलं. मला ठाऊक नव्हतं, तरी दिलं. चल, पोरीला दवाखान्यात नेऊ."

राणीची कावीळ सौम्य निघाली. जितेशचे पाच दिवस मात्र जिवावरचे गेले. सहाव्या दिवशी त्याने डोळे उघडून विचारलं, "कंपनीत सुट्टी टाकलीस ना?" सगुणा हसली आणि हसता हसताच रडू लागली.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत ती सगळ्या बायकांसमोर उभी राहिली आणि तिने घडलेलं सगळं सांगितलं. गटातली भागी रागावून म्हणाली, "इतके दिवस फसवलंस आम्हाला!" सगुणाने मान खाली घातली, पण ती खाली बसली नाही. "उरलेले डबे परत द्या. आणि कुणाचे डोळे पिवळे दिसले, तर पहिल्याच दिवशी दवाखाना गाठा."

बंधुभगिनींनो, शरीराची ताकद ही चांगलीच गोष्ट आहे. पण कुठल्या आजारात ती कशी वागते, हे न जाणता दिलेलं औषध प्रेमाने दिलं म्हणून गुणकारी ठरत नाही. आपल्या माणसावर माया करा, उपचार मात्र जाणकाराकडूनच घ्या!