पहिलं पाऊल

सप्टेंबरात थोआचा नवरा, खाय, वारला आणि जानेवारीत धाकटी जाऊ ल्येन येऊन सासूला आपल्याकडे घेऊन गेली. सासूबरोबर सासऱ्यांचा फोटो गेला, उदबत्त्या खोचायचं भांडं गेलं, आणि नववर्षाला पानात बांधलेला भात उकडायचं मोठं पातेलंही गेलं. थोआला मुलगा नव्हता. एकुलती एक मुलगी दूर ब्रनोत शिकत होती. म्हणून पितरांचा देव्हारा आता आमच्या घरी, असं ल्येनने परस्पर ठरवलं. तिचा नवरा तुंग मान खाली घालून पातेलं उचलून निघाला.

चेक देशात, या चेब गावात आल्यापासून अकरा वर्षं व्हिएतनामी नववर्ष थोआच्याच घरी झालं होतं.

"यांचाही फोटो न्या," ती म्हणाली. "शंभर दिवस होऊन गेलेत, आता त्यांना पितरांत बसवायला हवं."

"बघू, ताई. सणानंतर बघू."

सणाच्या आदल्या दुपारी ल्येनचा फोन आला. "ताई, राग मानू नका, पण उद्या येऊ नका. पहिल्या दिवशी दारात जसं पाऊल पडतं तसं वर्ष जातं. सुतकातलं पाऊल नको. तिसऱ्या दिवशी या की जेवायला."

"उरलंसुरलं खायला?"

"बघा, हे तुमचं तोंड. म्हणून तर..." ल्येन मध्येच थांबली.

पुढचं थोआला ठाऊक होतं. हिच्या जिभेनेच नवरा खंगला, असं तिचा गाळा होता त्या व्हिएतनामी बाजारातल्या बायका बोलायच्या. ते बोलणं कुठून निघालं, हेही तिला ठाऊक होतं.

सकाळी तिने कोटावर सुतकाची काळी फीत टाचली, भिंतीवरून नवऱ्याचा फोटो काढला आणि बर्फ तुडवत ल्येनच्या इमारतीकडे निघाली. फोटो दाराशी ठेवून परतायचं, एवढंच मनात होतं.

तिसऱ्या मजल्यावर शेजारचे म्हातारे चेक गृहस्थ, श्री. ह्रुश्का, सूट घालून बाटली हातात घेऊन उभे होते. ल्येनने त्यांचं जन्मवर्ष विचारून, पंचांग बघून, वर्षाचं पहिलं पाऊल त्यांचं पडावं म्हणून त्यांना आठ वाजताचं आमंत्रण दिलं होतं. त्यांनी घंटी दाबली. दार उघडलं. तेवढ्यात काळी फीत लावलेली बाई पाठीशी दिसली आणि ते अदबीने बाजूला झाले.

"आधी तुम्ही, बाई."

थोआने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा दारातल्या ल्येनकडे, आणि उंबरा ओलांडला.

ल्येनचं तोंड पांढरं पडलं. "मुद्दाम केलंत."

"तुझ्या पाहुण्यानेच बोलावलं मला."

"वहिनी, आज तरी नको," तुंग पुटपुटला.

"मग कधी? तुझ्या भावाचा फोटो तिकडे खिळ्याला लटकतोय आणि तू इथे बापाला संत्री वाहतोयस."

ल्येन आडवी आली. "माझ्या घरात रडकी तोंडं नकोत. स्वतःचं घर बसलं, आता आमचं बसवायला आलात?"

"तुझं घर बसू दे," थोआ शांतपणे म्हणाली. "मला चालेल."

ह्रुश्कांना एक अक्षर कळत नव्हतं. ते बाटली धरून पायपुसण्यावर हसत उभे राहिले.

एवढ्यात आतून सासू आली. तिने कुणाकडे न बघता थोआच्या हातातला फोटो घेतला, पदराने पुसावा तसा बाहीने पुसला आणि देव्हाऱ्यात आपल्या नवऱ्याच्या फोटोशेजारी ठेवला. तीन उदबत्त्या लावल्या. ल्येनने तोंड उघडताच म्हातारीने हात वर केला.

मग ती वळली. "झालं ना तुझं? आता जा."

"आई..."

"माझा मुलगा आला. तुला कुणी बोलावलं नव्हतं."

थोआ जिना उतरली. वर ल्येन अपशकुन घालवायला उंबऱ्यावर कागद जाळत होती. धुराचा वास खालच्या मजल्यापर्यंत आला.

फेब्रुवारीअखेर तुंग बर्फावर घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. ल्येनने ते बाजारभर थोआच्या पायाच्या नावाने सांगितलं. तेव्हापासून सकाळची पहिली विक्री होईपर्यंत कुणीही गाळेवाला थोआला आपल्या दाराशी उभं राहू देईना. मनगटाची बातमी ऐकून तिला बरं वाटलं होतं. त्याची लाज वाटायला हवी होती, पण तिने वाट पाहिली तरी ती वाटली नाही.